नागपूरवरून गुलमर्गला स्कीइंग शिकायला जायचंय? मग प्लॅन असा करा

दरवर्षी दिवाळी झाली की आपल्याइकडचे लोक काश्मीरचं पॅकेज पाहून राहिले असतात, पाच रात्री सहा दिवस, श्रीनगर-सोनमर्ग-पहलगाम-गुलमर्ग सगळं एकात. त्यात गुलमर्ग म्हणजे काय, तर सकाळी टॅक्सीनं जायचं, पायथ्याच्या टंगमर्गला भाड्याचे गमबूट आन लांब कोट चढवायचा, गोंडोलात म्हणजे केबल कारमध्ये बसायचं, खाली उतरल्यावर एक जण पायात स्की अडकवून देते आन हात धरून थोडं ओढते, फोटो निघाला की झालं. मग घरी येऊन स्टेटस, स्कीइंग इन काश्मीर. मजा येते, नाही म्हणत नाही, पण ते स्कीइंग नव्हे.

हे लिहून राहिलो ते ज्यांना खरंच शिकायचंय त्यांच्यासाठी. आन एकच गोष्ट आधी डोक्यात बसवून घ्या, ही फिरायची ट्रिप नाही, ही एका जागी ठिय्या मारून शिकायची ट्रिप आहे. गुलमर्गमध्येच किमान पाच रात्री. जमलं तर सात. श्रीनगरला हॉटेल घेऊन रोज वर ये-जा करू म्हणणाऱ्या भावाला ग्रुपमध्येच समजवा, रस्ता पन्नासेक किलोमीटरच आहे पण बर्फ पडला की त्याच रस्त्यात अर्धा दिवस जाते, आन दिवसही तिकडं हिवाळ्यात लहानसाच असते.

गुलमर्गच काहून

कारण आपल्या देशात मोठा म्हणावा असा स्की रिसॉर्ट तोच आहे. गाव साधारण २,६५० मीटरवर, आपलं नागपूर ३१० मीटरच्या आसपास, म्हणजे फरक लक्षात घ्या. गावातून गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला जाते, ३,०८० मीटरच्या जवळपास, आन तिथून दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, ३,९५० मीटरच्या आसपास. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये. कोंगडोरीवरून एक चेअरलिफ्टही आहे. आन खाली जे मोठं पठार आहे, उन्हाळ्यात जिथं गोल्फ खेळतात, तिथंच हिवाळ्यात नवशिक्यांचे उतार आन छोट्या ओढणाऱ्या लिफ्ट असतात. तुमचे पहिले तीन दिवस तिथंच जाणार आहेत, त्यामुळं अफरवटची स्वप्नं जरा बाजूला ठेवा.

उत्तराखंडातलं औली आन हिमाचलातलं सोलंग पण आहेतच. औलीचा उतार नवशिक्याला छान आहे आन समोर नंदादेवी दिसते, पण जागा लहान, आन जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठ खचायला लागल्यापासून तिथला रोपवेच बंद पडला, तर जायचं असेल तर आधी नीट चौकशी करा. सोलंग मनालीला जोडून होते म्हणून सोपं वाटते, पण तिथं गर्दी, घोडे, एटीव्ही म्हणजे त्या चार चाकी मोटरगाड्या, पॅराग्लायडिंग सगळं एकाच मैदानात. शिकायला मला गुलमर्गच बरं वाटते.

अजून एक रस्ता आहे जो आपल्याइकडं फार कमी लोकांना माहीत आहे. सरकारी संस्थांचे कोर्स. गुलमर्गमध्येच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग आहे, केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची. मनालीला अटलबिहारी वाजपेयी संस्था, पहलगामला जवाहर इन्स्टिट्यूट. राहणं, जेवण, सामान, शिकवणं सगळं एकत्र आन खाजगीपेक्षा पुष्कळ स्वस्त. पण शिस्त एनसीसी कॅम्पसारखी, सकाळी लवकर उठवतात, रूम शेअर, हॉटेलचे लाड नाहीत. कॉलेजच्या पोट्ट्यांना तर मी हेच सांगतो. बायको, सासूबाई, सहा वर्षांची मुलगी असा लवाजमा असेल तर मग हॉटेल आन खाजगी इन्स्ट्रक्टर.

तारखा, म्हणजे खरी डोकेदुखी

मे महिन्यात जाऊ का, हा प्रश्न दर वेळी कोणी ना कोणी विचारतेच. नागपुरात पंचेचाळीस चालू असते, पोरांना सुट्या असतात, वाटणारच. मे मध्ये वरच्या टप्प्यावर बर्फ पाहायला मिळते, पण खाली हिरवं गवत असते, तिथं काय शिकणार. आन दिवाळीच्या सुटीत अजून बर्फच आलेला नसते. सीझन म्हणजे डिसेंबरच्या मधापासून मार्चपर्यंत, त्यातही शिकणाऱ्यासाठी जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा शेवट हाच काळ पकडा.

तिकडं २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्ले कलान म्हणतात, सगळ्यात कडाक्याची थंडी. लोकांना वाटते थंडी म्हणजे बर्फ, तर तसं नाही. बर्फ येते पश्चिमी विक्षोभामुळं, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या पावसाळी हवेमुळं, तेच ज्याच्या पायी इकडं विदर्भात कधी कधी ऐन हिवाळ्यात पाऊस-गारपीट होऊन संत्र्याचा बहर झडते. तो नाही आला तर नुसती कोरडी थंडी. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचं मैदान पिवळं पडलं होतं, अख्खा महिना जवळपास कोरडा, ज्यांनी न्यू इयर आन मकरसंक्रांतीचं बुकिंग केलं होतं ते गवत पाहून परत आले, आन महिना संपता संपता धो धो बर्फ पडला. पुढच्याच वर्षी २०२५ ला खेलो इंडियाचे हिवाळी खेळ फेब्रुवारीत होते ते बर्फ नाही म्हणून पुढं ढकलून ९ मार्चपासून घ्यावे लागले. आता सरकारी स्पर्धेचं असं होते तर आपल्या पॅकेजची काय कथा.

त्यामुळं ख्रिसमस-न्यू इयर टाळा. त्या वेळी विमान महाग, रूम महाग, गर्दी, आन बर्फाची खात्री सगळ्यात कमी. २६ जानेवारीचा लाँग वीकेंड पण टाळा, गोंडोलाच्या लायनीतच दिवस जाईल. दहावी-बारावी घरात असेल तर फेब्रुवारी विसरा, बाप्पा, त्या वर्षी जाऊच नका. पोरं लहान असतील तर शाळेत चार-पाच दिवसांची सुटी मागून घ्या, पाचवीतल्या पोराचं फेब्रुवारीत काही बुडत नाही.

आन बुकिंग करताना रूम शक्यतो अशी घ्या की तारीख बदलता येईल. थोडे जास्त पैसे लागले तरी चालते. जायच्या दहा दिवस आधीपासून श्रीनगरच्या हवामान केंद्राचा अंदाज रोज पाहायचा, बाकी रील्स पाहून ठरवू नका, रील मागच्या वर्षीची पण असू शकते.

नागपूरवरून पोहोचायचं कसं

थेट विमान नाही. नागपूर-दिल्ली, दिल्ली-श्रीनगर. दोन्ही एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर घ्या, हे नीट ऐका. वेगवेगळं घेतलं तर हजार-दोन हजार वाचतात, पण डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुकं असते, पहाटेची विमानं तासन्‌तास लटकतात, आन पहिलं लेट झालं म्हणून दुसरं सुटलं तर दुसऱ्या कंपनीला काही देणंघेणं नाही. नागपूरवरून सकाळचं पहिलं पकडून दुपारपर्यंत श्रीनगर असं बसत असेल तरी मधात चांगले तीन-चार तास ठेवा. मी तर म्हणतो पहिली रात्र श्रीनगरलाच काढा, दल लेकच्या काठावर गरम पाण्यानं आंघोळ करा, सकाळी आरामात वर जा. शरीरालाही उंचीची सवय व्हायला जरा मदत होते.

रेल्वेनं जाणाऱ्यांसाठी आता मस्त सोय झाली आहे. नागपूरवरून कटऱ्याला थेट गाड्या आहेत, अंदमान एक्स्प्रेस, हिमसागर, पण रोज नाहीत, वार पाहून घ्या. नाही तर दिल्ली करून. आन कटऱ्यावरून श्रीनगरला जून २०२५ पासून वंदे भारत सुरू झाली, चिनाबच्या त्या ३५९ मीटर उंच पुलावरून जाते, तीनेक तासांत श्रीनगर. कटऱ्याला गाडी बदलावी लागते. वेळ जास्त जाते, पण सामान घेऊन जाणाऱ्या ग्रुपला परवडते, आन लहान पोरांना तो बोगदे-पुलांचा प्रवास स्कीइंगपेक्षा जास्त आवडू शकते, सांगता येत नाही.

आपला वर्धा रोड म्हणजे जो एनएच ४४ तोच वर श्रीनगरला जाते, त्यामुळं दरवर्षी कोणीतरी बुलेटवाला म्हणते की गाडीनं जाऊ. हिवाळ्यात नको. रामबन-बनिहालच्या पट्ट्यात दरडी आन बर्फामुळं तो रस्ता केव्हा बंद होईल सांगता येत नाही.

श्रीनगरवरून टॅक्सी टंगमर्गपर्यंत. तिथून वर १३ किलोमीटरचा घाट. ताजा बर्फ असला की साध्या गाड्या तिथंच थांबवतात आन चेन लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाडीनं वर जावं लागते, त्याचे पैसे वेगळे. हॉटेलवाल्याला आधीच फोन करून विचारा, टंगमर्गवरून गाडी पाठवता का, कितीला. टंगमर्गला उतरल्या उतरल्या चार-पाच जण कोट, बूट, गाइड, स्लेज घेऊन अंगावर येतात, कामधंदा आहे त्यांचा, रागावू नका, हसून सगळं घेऊन आलो म्हणा आन पुढं चला.

एक बारीक पण महत्त्वाचं. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. पोस्टपेड चालते. ग्रुपमधल्या किमान दोघांकडं पोस्टपेड पाहिजेच, तेही वेगवेगळ्या कंपन्यांचं. पहलगामच्या एप्रिल २०२५ च्या हल्ल्यानंतर बरीच पर्यटन स्थळं काही काळ बंद ठेवली होती, त्यामुळं निघायच्या आधी काय चालू काय बंद हे प्रशासनाच्या सूचनांवरून पाहायचं, व्हॉट्सॲप फॉरवर्डवरून नाही.

रूम

रूम पाहताना लोक बाल्कनीतून डोंगर दिसते का विचारतात. तुम्ही विचारा की गरम कशानं होते. बुखारी म्हणजे लाकडाची बंद शेगडी आहे, हीटर आहे, की सेंट्रल हीटिंग, आन लाइट गेली तर जनरेटर किती वेळ चालते. बहुतेक जागी पलंगावर इलेक्ट्रिक ब्लँकेट असते, ते खरं वरदान आहे. रात्री पारा उणे दहाच्या आसपास जाऊ शकते, आपल्याइकडं जानेवारीत आठ-नऊ झालं की पेपरात नागपूर गारठलं म्हणून हेडलाइन येते, तर अंदाज करा.

दुसरा प्रश्न, शिकायचे उतार आन गोंडोला चालत किती लांब. स्कीचे बूट घालून, खांद्यावर स्की घेऊन बर्फातून पंधरा मिनिटं चालणं म्हणजे स्कीइंगच्या आधीच अर्धा जीव जाते. लांबचं हॉटेल स्वस्त मिळालं तर उतारापर्यंत न्यायला-आणायला गाडी देतात का विचारा, किंवा सामान भाड्याच्या दुकानातच रात्री ठेवता येते का पाहा.

तिसरं, बूट आन ग्लव्ज वाळवायची सोय. कोणी विचारत नाही हे, आन दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या ग्लव्जमध्ये हात घालताना आठवते.

स्की की स्नोबोर्ड

पोट्ट्यांना स्नोबोर्ड पाहिजे असते, दिसते भारी. सरळ सांगतो. स्कीवर पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत तुम्ही हळूहळू का होईना खाली येता, थांबता. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, त्यामुळं पहिले दोन-तीन दिवस नुसतं पडणं असते, माकडहाड आन मनगट शेकून निघते, पण एकदा जमलं की मग पुढं भराभर जमते. स्की उलटी आहे, सुरुवात सोपी आन पुढं सफाई यायला वेळ लागते. पाच दिवसांची ट्रिप, वय चाळीसच्या पुढं, तर स्की. वय वीस, पडायची लाज नाही, तर बोर्ड घ्या खुशाल. मधात बदलायचं नाही मात्र. दोन दिवस हे दोन दिवस ते केलं की दोन्ही येत नाही.

अजून एक, खालच्या उतारावर ज्या ओढणाऱ्या लिफ्ट असतात ना, दोन पायांच्या मधात दांडा धरून वर जायचं, ते स्कीवर पटकन जमते, बोर्डवाल्याला तेच शिकायला अर्धा दिवस लागू शकते. बोर्डवाल्यांनी मनगटाचे गार्ड आन मागं पॅडवाली शॉर्ट घ्यायचीच. आपला कोणता पाय पुढं येते हे घरीच पाहून ठेवा, गुळगुळीत फरशीवर मोजे घालून घसरून पाहा, जो पाय आपसूक पुढं जाते तो पुढं बांधायचा.

सामान भाड्यानं घेताना

स्की, बूट, पोल, बोर्ड काही विकत घेऊ नका, तिकडंच भाड्यानं मिळते, सरकारी दुकान पण आहे आन खाजगी पण. स्वस्तातली स्की चालते, स्वस्तातले बूट चालत नाहीत, माझं हे ठाम मत आहे. बूटच चुकले तर पाच दिवसांची ट्रिप गेली. घालून उभं राहा, बोटं पुढं हलकी टेकली पाहिजेत, मग गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबा, बोटं मागं सरकली पाहिजेत. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. मोजा एकच घालायचा, पातळसा, गुडघ्यापर्यंतचा. दोन-दोन जाड मोजे घालतात लोक, त्यानं रक्त अडते आन पाय जास्तच गार पडतात. थर्मल पँटचा पाय बुटाच्या आत कोंबू नका, त्याची घडी दिवसभर नडगीला टोचते. दुकानातच दहा मिनिटं घालून फिरा, दुकानदार घाई करेल, करू द्या.

स्कीची लांबी नवशिक्याला हनुवटी ते नाकापर्यंत. आन बाइंडिंग, म्हणजे ज्यात बूट अडकते ते, पडल्यावर सुटलं पाहिजे. त्याचं सेटिंग वजन, उंची, वय आन तुम्हाला किती येते यावर ठरते. तिथं वजन खरं सांगा. लग्नाच्या बायोडाटातलं नाही. कमी सांगितलं तर चालता चालता सुटते, फुशारकी मारून मला येते म्हटलं तर पडल्यावर सुटत नाही आन गुडघ्याचा लिगामेंट जाते.

हेल्मेट पाहिजेच. नागपुरात हेल्मेट म्हणजे चौकात पोलीस दिसला की डोक्यावर चढवायची वस्तू, ती सवय तिकडं नको. गाडीचं हेल्मेट चालत नाही, स्कीचं वेगळं येते. भाड्याच्या दुकानात चांगल्या मापाचं मिळेलच असं नाही, विशेषतः लहान पोरांच्या, म्हणून शक्य असेल तर हे एक विकत घेऊन जा.

कपडे

सुती काहीही नको, हाच नियम. घाम आला की सुती बनियान ओलं राहते आन मग लिफ्टवर बसलं की थंडी हाडात शिरते. आत थर्मल, मधात फ्लीस, वरून पाणी न शिरणारं जॅकेट आन तशीच पँट. जीन्स घालून बर्फात पडलेले लोक मैदानात दिसतातच, पाय फाकवून चालतात बिचारे. थर्मल आन फ्लीस डेकॅथलॉनमधून घेतलं तरी झालं, हिवाळ्यात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात तिथले लोकरीचे स्वेटर हॉटेलात घालायला मस्त, उतारावर नको, ओले होतात आन जड पडतात. ग्लव्ज दोन जोड. पँट-जॅकेट दोस्ताकडून उसनं मिळालं तर लाजू नका, वर्षातून एकदाच तर लागते.

ऊन मात्र हलकं घेऊ नका. आपण म्हणतो आपण नागपूरचे, उन्हाला काय घाबरायचं. पण उंचीवर दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आन ताजा बर्फ त्यातली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत वर फेकते, म्हणजे ऊन खालूनही लागते, नाकपुडीच्या आत आन हनुवटीखाली चटके बसतात. सनस्क्रीन दर दोन तासांनी, ओठांना पण. मे महिन्यात स्कुटीवर जाताना आपल्या मुली जसं डोळे सोडून सगळं तोंड दुपट्ट्यानं बांधतात ना, बरोब्बर तसंच, फक्त दुपट्ट्याच्या जागी बफ, म्हणजे गळ्यातून तोंडावर ओढायची कापडी नळी, आन वर गॉगल. गॉगल म्हणजे काळा चष्मा नाही, स्कीचे बंद गॉगल. चष्मेवाल्यांनी चष्म्यावरून बसणारे घ्या.

पायांची तयारी

नागपूर सपाट. आपल्या मांड्यांना उतरायची सवयच नाही, आन स्कीइंगमध्ये सगळं काम उतरताना वाकून राहणाऱ्या मांडीचं असते. दोन महिने आधीपासून चालू करा. भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसून राहणं, बैठका, लंजेस. सेमिनरी हिल्सला चालता तेव्हा चढ भराभर आन उतार मुद्दाम हळू. रविवारी रामटेक करा, गडाच्या पायऱ्या चढून गेल्यावर खरा व्यायाम उतरताना आहे, एक एक पायरी गुडघा वाकवून, घाई न करता. दुसऱ्या दिवशी मांड्या बोंबलल्या म्हणजे बरोबर केलं. पोरांना स्केटिंग येत असेल तर अर्धं काम झालंच समजा, तोल सांभाळायची सवय असते. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर ऑर्थोपेडिकला दाखवून मगच तिकीट काढा.

तिकडं गेल्यावर

इन्स्ट्रक्टर नोंदणी असलेला घ्या, ओळखपत्र पाहा, रोजचे किती तास, किती लोकांत एक, सामान धरून की वेगळं, हे सगळं बर्फावर जायच्या आधी बोलून घ्या. नुसता ओढून नेणारा आन शिकवणारा यात फरक आहे. शिकवणारा पहिला तास स्की काढून ठेवून चालायला, पडायला आन उठायलाच लावते. पडायचं म्हणजे बाजूला कुल्ल्यावर, हात टेकवून नाही. उठताना स्की उताराला आडव्या, स्वतःच्या खालच्या बाजूला. मग ब्रेक, स्कीची टोकं जवळ आन मागची बाजू फाकवून, सगळे इन्स्ट्रक्टर त्याला पिझ्झा म्हणतात, दिवसभर पिझ्झा पिझ्झा ओरडत असतात, भूक लागते ऐकून. थांबता येत नाही तोवर वर जायचं नाही, कोणी कितीही म्हणो.

आन वाहतुकीचा एकच नियम पाठ करा, तुमच्या खाली जो आहे त्याचा हक्क पहिला. वरून येणाऱ्यानं सांभाळायचं. थांबायचं असेल तर कडेला, मधात उभं राहून सेल्फी नाही.

पहिल्या दिवशी दोन-तीन तास पुरे. उंचीमुळं डोकं दुखू शकते, पाणी भरपूर, पहिल्या रात्री पार्टी नको. तिसऱ्या दिवशी पाय हमखास संपतात, त्यामुळं तो दिवस अर्धाच ठेवा आन त्या दिवशी घरच्यांबरोबर गोंडोला करा. त्याची तिकिटं ऑनलाइन आधीच काढून ठेवावी लागतात, केबल कार कॉर्पोरेशनच्याच साइटवरून, आयत्या वेळी खिडकीवर मिळेल या भरवशावर राहू नका, आन दलालाकडून तर नाहीच. वारा किंवा जास्त बर्फ असला की वरचा टप्पा बंद ठेवतात, त्याला इलाज नाही.

वरच्या टप्प्यावर फिरायला जा, स्की करायला नाही. तो डोंगर दाबून तयार केलेला नाही, मोकळा आहे, आन तिथं हिमस्खलन होते. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर दोन पोलिश स्कीअर त्यात गेले, २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन. हे काही नवशिके नव्हते. तिथं जाणारे बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा देणारं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) सोबत घेऊन आन गाइडसोबत जातात, स्की पेट्रोलनं म्हणजे उतारावरच्या सुरक्षा पथकानं मोकळा केलेला भाग सोडत नाहीत. पाच दिवसांत आत्मविश्वास आला म्हणून कोणी वर चल म्हटलं तर सरळ नाही म्हणायचं.

विम्याचं पण पाहून घ्या. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत स्कीइंग बहुतेक वेळा वगळलेलं असते, हिवाळी खेळ कव्हर होतात का हे लेखी विचारा.

खाण्याची चिंता नको. कोंगडोरीला मॅगी, खाली राजमा-भात, दाल, सगळं मिळते, व्हेजवाल्यांचे हाल होत नाहीत. नॉनव्हेजवाल्यांनी श्रीनगरच्या मुक्कामात सकाळी हरीसा, म्हणजे मटण शिजवून घोटलेलं, ते खा. सावजीची सवय असलेल्याला वाझवान, म्हणजे काश्मिरी मटणाची मेजवानी, तिखट लागणार नाही, पण चव वेगळीच आहे, तर्री शोधत बसू नका. बॅगेत चिवडा, चिक्की आन खिशात चॉकलेट असू द्या, उतारावर भूक अचानक लागते.

पैसे कुठं वाचवायचे

विमान लवकर काढून, ख्रिसमस टाळून, कपडे उसने घेऊन, चौघांत एक इन्स्ट्रक्टर घेऊन. बूट, हेल्मेट आन रूमच्या हीटिंगवर वाचवायचं नाही. सुरुवातीच्या दिवसांत गोंडोलाचा अख्ख्या दिवसाचा स्की पास घ्यायचाच नाही, खालच्या लिफ्टचं तिकीट पुरते, पास चौथ्या-पाचव्या दिवशी इन्स्ट्रक्टर म्हणाला तर.

परदेशाचं म्हणाल तर ते दुसऱ्या-तिसऱ्या सीझनला. कझाकस्तानला आपल्याला चौदा दिवस व्हिसा लागत नाही आन अल्माटी शहराच्या डोक्यावरच शिंबुलाक आहे, २,२६० पासून ३,२०० मीटरपर्यंत, गावातून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते. युरोपात फ्रान्सच्या थ्री व्हॅलीजसारख्या ठिकाणी सहाशे किलोमीटरचे आखलेले उतार आहेत, हिरवा-निळा-लाल-काळा अशा रंगांनी सोपे-अवघड दाखवलेले, अमेरिकेत लाल नसते, हिरवा गोल, निळा चौकोन, काळा हिरा. पण ज्याला पिझ्झा करून थांबता येत नाही त्याला सहाशे किलोमीटरचं काय करायचंय.

परतीच्या आदल्या दिवशी दुपारीच सामान परत करून, डिपॉझिट घेऊन खाली श्रीनगरला उतरा. सकाळी गुलमर्गवरून निघून दुपारचं विमान गाठू हा हिशोब रात्री बर्फ पडला की कोलमडते. श्रीनगर एअरपोर्टला गेटच्या बऱ्याच आधीपासून तपासणी चालू होते, गाडीतून सगळ्या बॅगा उतरवून स्कॅन, मग आत परत एकदा, त्यामुळं तीन तास आधी पोहोचा. पॉवर बँक हँडबॅगेतच ठेवा आन ओले ग्लव्ज प्लास्टिकच्या पिशवीत बांधून चेक-इनमध्ये टाका.